महादजी शिंदे : पराभवातून शस्त्र घडविणारा सेनानी

थोर पुरुषांची चरित्रे केवळ गुणगानासाठी लिहावयाची असती, तर ते काम शाहिरांनी पूर्वीच पुष्कळ चांगले करून ठेविले आहे. आम्ही लेखणी हाती धरण्याचे कारण उरले नसते. परंतु ज्या पुरुषाच्या यशाइतकाच त्याच्या मागे राहिलेल्या अपयशाचाही विचार करावा लागतो, त्याचे चरित्र पुन्हा पुन्हा वाचावयाचे असते. महादजी शिंदे हे अशा पुरुषांपैकी होत. पानिपतच्या रणातून पायाने अधू होऊन परतलेला हा सेनानी पुढे तीस वर्षे झटला व हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य कवायती फौज त्याने उभी केली. तीच फौज त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षे पुरती होण्याआधी धुळीस मिळाली. असे कां झाले, ह्या प्रश्नाचे उत्तर आजच्या काळी, जेव्हा आपले राष्ट्र परदेशांशी करार करून शस्त्रे घेत आहे व घडवीतही आहे, तेव्हा प्रत्येक घरातील जाणत्यांनी शोधिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही हे चरित्र निवडिले आहे.

घराणे व पूर्ववय

सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. महादजींचे वडील राणोजी शिंदे हे थोरल्या बाजीरावांच्या पदरी साध्या चाकरीतून वर आले आणि माळव्यात मराठ्यांचे बस्तान बसविणाऱ्या प्रमुख सरदारांत गणले गेले. राणोजींना पाच पुत्र : जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी व महादजी. महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. ते धाकटे, शिवाय औरस मातेच्या पोटचे नव्हेत. तेव्हा सरदारी आपल्याकडे येईल अशी आशा त्यांनी बाळगावी, असे काहीच नव्हते.

परंतु ह्या घराण्याने राज्यासाठी जे रक्त सांडिले, त्याला तोड नाही. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांकडून मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडीच्या घाटावर अब्दालीच्या व नजीबखानाच्या सैन्याशी लढता लढता पडले. वर्षभरातच पानिपत झाले. तेथे तुकोजी पडले व जयाप्पांचा तरुण पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. एका पिढीत घरातील सारे कर्ते पुरुष नाहीसे झाले आणि उरले ते एकटे महादजी.

पानिपतने दिलेली शिकवण

१४ जानेवारी १७६१ चा दिवस मराठी मनाने कधी विसरलेला नाही. त्या दिवशी मराठ्यांच्या डाव्या बगलेस इब्राहिमखान गारदी आपले कवायती पायदळ व तोफा घेऊन उभा होता. त्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडविली. परंतु पायदळ, तोफखाना व घोडदळ ह्यांच्या हालचालींत एकसूत्रता राहिली नाही. घोडेस्वारांस गनिमी काव्याची सवय, गारद्यांस जागा धरून लढण्याची. दोन्ही पद्धती आपापल्या परीने उत्तम. पण एकाच रणांगणावर, एकाच दिवशी, पूर्वतयारीवाचून जोडलेल्या. विश्वासराव पडले, भाऊसाहेब पडले, इब्राहिमखान पकडला जाऊन मारला गेला.

महादजी घोड्यावरून दक्षिणेकडे निघाले असता एका पठाणाने त्यांचा दीर्घकाळ पाठलाग केला आणि पायावर वार करून त्यांस खाली पाडिले. तो पाय जन्माचा अधू झाला. रस्त्याच्या कडेस पडलेल्या ह्या जखमी तरुणास राणेखान नावाच्या एका पखालजीने उचलून आपल्या बैलावर घातले व सुखरूप पोहोचविले, अशी हकीकत परंपरेने सांगतात. महादजींनी ते उपकार आजन्म स्मरले. त्यांनी राणेखानास भाऊ मानिले, भाई हा किताब दिला व पुढे आपल्या फौजेचे सेनापतित्वही त्याच्या हाती सोपविले. एक ज्ञातिसंस्था ह्या नात्याने आपण हे विसरता कामा नये की, ज्या पुरुषाचा आपण गौरव करितो त्याने माणूस निवडताना जात अगर धर्म पाहिला नाही. निष्ठा व कर्तबगारी पाहिली.

पानिपतनंतर शिंद्यांच्या सरदारीचा वाद कित्येक वर्षे चालला. राघोबादादांचा कल महादजींच्या विरुद्ध होता. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांनी महादजींचे पाणी ओळखले व सरदारी त्यांजकडे कायम झाली. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शहाआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परत आला. पानिपतला दहा-अकरा वर्षेच लोटली होती. राष्ट्रास पराभवातून उठावयास किती काळ लागतो, हे पराभवावर अवलंबून नसते. पराभवाकडे पाहण्याच्या दृष्टीवर असते.

इंग्रजांशी पहिला सामना

नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले. नाना फडणीस व बारभाईंनी कारभार हाती घेतला. १७७५ पासून इंग्रजांशी युद्ध जुंपले. १७७९ च्या आरंभी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज राघोबादादांस घेऊन बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. महादजी व मराठे सरदार ह्यांनी समोरासमोर गाठ न घालता वाटेतील दाणावैरण नाहीशी केली, गावे उठविली, मागची वाट कापली. इंग्रज तळेगावास पोहोचले तो गाव जळून बेचिराख. पुणे केवळ काही कोसांवर असता त्यांनी रात्री माघार घेतली, अवजड तोफा तळ्यात टाकून दिल्या आणि वडगावास कोंडले जाऊन शरणागतीचा तह पत्करला. ह्याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टास मराठी माणसाने इष्टुर फाकडा म्हणून स्मरणात ठेविले, ही शूर शत्रूचा मान राखणाऱ्या लोकांची रीत होय.

वडगाव हा मराठ्यांचा निर्विवाद विजय. परंतु विजयातही महादजींची नजर एका गोष्टीवर खिळली असली पाहिजे. इंग्रजांची पिछाडी सांभाळणारा कॅप्टन हार्टले आपल्या मोजक्या शिपायांनिशी मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाचे हल्ले मागे सारीत राहिला. ते शिपाई ह्याच देशातले, बहुतेक ह्याच मुलखातले होते. फरक होता तो कवायतीचा, वेळेवर मिळणाऱ्या पगाराचा आणि एका हुकमावर उडणाऱ्या बंदुकांचा.

दुसरा धडा पुढच्याच वर्षी मिळाला. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने शिंद्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. उंच कड्यावरचा हा किल्ला अजिंक्य समजला जाई. शिड्या लावून, पाय घसरू नयेत व आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे घालून, गोहदकरांच्या माहितगारांनी दाखविलेल्या वाटेने तो एका रात्रीत हस्तगत झाला. नवी युक्ती नेहमी मोठ्या यंत्रातच असते असे नाही. कधी ती जोड्यातल्या कापसातही असते.

चार सत्तांची जूट व साल्बाईचा तह

ह्याच सुमारास नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध एक मोठी जूट उभारिली होती. पुण्याचे पेशवे, म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजाम व नागपूरकर भोसले ह्यांनी चहूंकडून एकाच वेळी उठावे, असा बेत होता. कागदावर ह्याहून भक्कम योजना क्वचित झाली असेल. प्रत्यक्षात काय झाले? हैदरअली वचनास जागला. त्याच्या सैन्याने सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूर येथे इंग्रजांच्या एका तुकडीचा पुरता निःपात केला. त्या लढाईत म्हैसूरच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांनी, म्हणजे ज्यांस आज आपण रॉकेट म्हणतो त्यांनी, मोठी कामगिरी बजाविली. परंतु निजाम स्वस्थ बसला व नागपूरकरांस इंग्रजांनी पैशाने वळविले. माळव्यात महादजी एकाकी लढत राहिले. १७८१ मध्ये कर्नल कॅमकने रात्री छापा घालून त्यांस हानी पोहोचविली.

अखेर १७ मे १७८२ रोजी साल्बाईचा तह झाला. इंग्रज व पेशवे ह्यांच्यामध्ये मध्यस्थ व जामीन महादजी राहिले. ह्या तहाने मराठ्यांस वीस वर्षांची उसंत मिळाली आणि महादजींची प्रतिष्ठा गगनास भिडली. परंतु प्रामाणिकपणे बोलावयाचे तर ह्याच तहाने हैदरअलीस एकटे पाडिले. तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात रणभूमीवरील छावणीतच निवर्तला. जुटीतला प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणा ठरला आणि सारे मिळून पुढे बुडाले. चार सत्तांपैकी एकीनेही आपली विद्या दुसरीस दिली नाही. म्हैसूरचे बाण पुण्यास आले नाहीत, की मराठ्यांच्या घोडदळाची युक्ती पद्धतशीरपणे कोणी शिकले नाही. शत्रू समान होता एवढेच त्यांचे नाते. आणि असे नाते शत्रूने पहिला निरोप पाठविताच तुटते.

कंपूंची उभारणी

साल्बाईनंतर महादजी उत्तरेकडे वळले. १७८४ च्या अखेरीस बादशहाने पेशव्यांस वकील-इ-मुतलक केले व त्यांचे प्रतिनिधी म्हणून सारा कारभार महादजींकडे आला. ह्याच वर्षी त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय घेतला. सेवॉय प्रांतातील शांबेरी गावचा बेन्वा डी बॉयन नावाचा एक सैनिक नशीब काढीत हिंदुस्थानात आला होता. पूर्वी तो फ्रान्सच्या व रशियाच्या फौजेत राहिलेला व मद्रासेस इंग्रजांच्या पलटणीतही काही काळ नोकरी केलेला. महादजींनी त्यास कवायती पायदळाच्या दोन पलटणी उभारावयास सांगितले. प्रत्येक पलटण सुमारे साडेआठशे शिपायांची.

ह्या कामाची आखणी अभ्यासनीय आहे. पहिली गोष्ट, आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला व तेथे सँगस्टर नावाचा स्कॉटलंडचा कसबी कारागीर नेमिला गेला. तोफा विकत आणण्यापेक्षा त्या आपल्या मुलखात, आपल्या लोहार-ओतारी लोकांच्या हातून घडवून घेण्यावर भर राहिला. दुसरी गोष्ट, शिपायांस ठरलेला पगार ठरल्या वेळी मिळू लागला. त्यासाठी पुढे अलीगडच्या आसपासचा दुआबातील मुलूख जायदाद म्हणून स्वतंत्र तोडून दिला. म्हणजे फौजेचा खर्च दरबारच्या लहरीवर न राहता नेमलेल्या उत्पन्नातून चाले. तिसरी गोष्ट, जखमी शिपायास भरपाई व जायबंदी झालेल्यास पोटापाण्याची तजवीज होती. आपल्यामागे आपल्या घरच्यांचे काय, ही चिंता ज्या शिपायास नाही, तो जागा सोडत नाही. नवे शस्त्र म्हणजे केवळ नवी तोफ नव्हे. तोफेमागचा हिशेबही त्यात येतो, हे महादजींनी ओळखिले.

पहिली कसोटी कठीण ठरली. जुलै १७८७ मध्ये लालसोटनजीक जयपूर-जोधपूरच्या राजपुतांशी गाठ पडली. राठोडांचे घोडदळ वादळासारखे चालून आले. ह्या नव्या पलटणींनी चौकोन बांधून ते परतविले. परंतु महादजींच्या सैन्यातील जुनी मोगल पथके पगार थकल्यामुळे तोफांसह शत्रूस जाऊन मिळाली व माघार घ्यावी लागली. उत्तरेतील सारे वैभव हातचे जाते की काय अशी वेळ आली. १७८८ च्या ऑगस्टात गुलाम कादिर रोहिल्याने दिल्लीत शिरून वृद्ध शहाआलमचे डोळे काढिले. त्याच्या आधी जूनमध्ये आग्र्याजवळ मराठ्यांनी पुन्हा जय मिळविला होता, आणि ऑक्टोबरात राणेखान, जिवबादादा बक्षी आदि सरदारांनी दिल्ली सोडविली. गुलाम कादिर पकडला जाऊन देहांतास गेला. ज्या पखालजीने पानिपतावरून आपल्या धन्यास वाचविले, त्यानेच सत्तावीस वर्षांनी धन्याची गेलेली सत्ता परत मिळवून दिली.

ह्यानंतर महादजींनी दोन पलटणींचा विस्तार करून सुमारे दहा पलटणींचा पहिला कंपू उभारिला. २० जून १७९० रोजी पाटण येथे इस्माईल बेग व राजपूत ह्यांचा ह्या कंपूने मोड केला. शंभरावर तोफा हाती आल्या. त्याच वर्षी १० सप्टेंबरास मेडत्याची लढाई झाली. केशरी बाणा केलेले राठोड स्वार मरणाची पर्वा न करिता चौकोनांवर आदळले व कापले गेले. शौर्यात ते कोणास हार जाणारे नव्हते. परंतु निव्वळ शौर्याचा काळ गेला होता. त्यानंतर दुसरा व तिसरा कंपू उभा राहिला, आणि यमुनेपासून नर्मदेपर्यंत शिंद्यांचा शब्द प्रमाण झाला.

यशाच्या पोटातील उणीव

परंतु ह्या भव्य इमारतीत दोन चिरा पहिल्यापासून होत्या. कंपूंतील शिपाई आपले, जमादार-सुभेदार आपले, तोफा आपल्या; पण वरचे अधिकारी बहुतेक युरोपीय, व कवायतीचे हुकूम परक्या भाषेत. पलटण चालविण्याची, तोफेचा पल्ला मोजण्याची, नकाशा वाचण्याची विद्या देशी तरुणांस शिकवून त्यांतून सेनापती तयार करावे, अशी पाठशाळा निघाली नाही. त्या विद्येवर मराठी पुस्तक झाले नाही. दुसरे असे की, इंग्रजांविरुद्ध आपणांस लढावयास लावू नये, अशी अट डी बॉयनने आपल्या करारातच घातली होती. ज्या सत्तेपासून पुढे सर्वांत मोठा धोका, तिच्याच विरुद्ध हे शस्त्र चालविण्याचा हक्क धन्यास राहिला नाही! महादजी असेपर्यंत ही उणीव त्यांच्या व्यक्तिमत्त्वाने झाकून टाकिली; पण व्यक्तिमत्त्व वारसाहक्काने मिळत नाही.

१७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाची फर्माने व वकील-इ-मुतलकीची वस्त्रे त्यांनी मोठ्या समारंभाने सवाई माधवरावांस अर्पण केली. त्या प्रसंगी लाखो रुपयांच्या मुलखाचा हा मालक बगलेत पेशव्यांचे पायपोस घेऊन, आपण वडिलोपार्जित पाटील आहोत एवढेच सांगत उभा राहिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पाटीलबाबा हे नाव त्यांस प्रिय होते. ते कृष्णभक्त होते, पदे रचीत. बीडच्या मन्सूरशहा ह्या मुसलमान साधूवरही त्यांची श्रद्धा होती.

मात्र पुण्यातले राजकारण सरळ नव्हते. नाना फडणीस व महादजी ही राज्याची दोन चाके. परंतु एकाचा दुसऱ्यावर भरवसा नव्हता. त्यातच १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंदे व होळकर ह्यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. होळकरांनीही एक फ्रेंच सरदार ठेवून नव्या पलटणी उभारिल्या होत्या. शिंद्यांच्या कंपूने त्यांचा धुव्वा उडविला. नव्या विद्येने सजलेल्या दोन मराठी फौजांनी एकमेकींचा संहार करावा, ह्याहून दैवदुर्विलास कोणता? १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचा अंत झाला. तेथील छत्री आजही त्यांची आठवण देत उभी आहे. आपल्या ज्ञातिबांधवांनी मुलाबाळांसह ती एकदा तरी अवश्य पाहावी.

दहा वर्षांच्या आत

पुढील कथा थोडक्यात सांगतो. मार्च १७९५ मध्ये खर्डे येथे पेशवे, शिंदे, होळकर, भोसले सारे एक होऊन निजामावर चालून गेले व विजयी झाले. एकजुटीचे ते अखेरचे दर्शन. डी बॉयन त्याच वर्षाच्या अखेरीस नोकरी सोडून निघाला व अमाप संपत्तीसह युरोपास परतला. त्याच्या जागी पेराँ आला. गादीवर आलेले दौलतराव पंधरा वर्षांचे. महादजींच्या विधवा स्त्रियांशी कलह, जुन्या सरदारांशी वैर, होळकरांशी युद्ध ह्यांत कंपू झिजत गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, दुसरे बाजीराव पळाले व डिसेंबरअखेर वसईस इंग्रजांचे मांडलिकत्व पत्करून बसले.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांस आपल्याकडे बोलाविले; पुष्कळ जण निघून गेले. पेराँने स्वतःच इंग्रजांचा आश्रय घेतला. ४ सप्टेंबरास अलीगडचा किल्ला पडला. हल्लेखोरांस दरवाजाची वाट दाखविणारा ल्युकन हा अधिकारी काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच पगार खात होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील आसई येथे मराठी तोफांनी वेलस्लीच्या लहानशा फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे मारिली अगर जायबंदी केली; तरी दिवस इंग्रजांचा झाला व शंभराच्या आसपास तोफा त्यांच्या हाती गेल्या. १ नोव्हेंबरास अलवारजवळ लासवारी येथे वरचे युरोपीय अधिकारी सोडून गेलेल्या पलटणी एकेक तोफेस बिलगून शेवटपर्यंत लढल्या. त्यांच्या शौर्याची साक्ष शत्रूने दिली. धनी नसलेल्या शस्त्रानेही एवढे करून दाखविले; मग त्या शिपायांच्या मागे त्यांच्याच घरातले शिकलेले सेनापती असते तर?

आणि ह्या सर्व काळात होळकर कोठे होते? ते अलिप्त होते. पुढच्या वर्षी ते उठले व कर्नल मॉन्सनास त्यांनी दाती तृण धरावयास लाविले. तेव्हा शिंदे थकून बसले होते. दोघे मिळून लढले असते तर काय झाले असते, ह्याचा तर्क आम्ही वाचकांवर सोपवितो.

आजच्या काळासाठी बोध

पाटीलबाबांच्या चरित्रातून आम्हांस दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. विद्या कोणाकडूनही घ्यावी. त्यात कमीपणा नाही. पण घेतलेली विद्या आपल्या घरात, आपल्या भाषेत, आपल्या मुलांच्या हाती उतरली नाही, तर ती भाड्याच्या घरासारखी होय. मालक म्हणेल त्या दिवशी रिकामे करून द्यावे लागते. आणि मित्रांशी सहकार्य हे संकट आल्यावर जुळत नाही. ते शांततेच्या काळी, विद्येची देवघेव करून, जुळवावे लागते.

ह्या दुसऱ्या गोष्टीचा पडताळा आमच्या इतिहासाबाहेरही मिळतो. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४० मध्ये, जर्मन विमाने लंडनवर बाँब टाकीत असता ब्रिटनने सर हेन्री टिझर्ड ह्यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ अमेरिकेस धाडिले. बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल व बूट ह्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी सिद्ध केलेले मॅग्नेट्रॉन नावाचे उपकरण त्यांनी सोबत नेले. लहान लहरींच्या रडारचा तो प्राण. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. तरी ब्रिटनने आपले सर्वांत मोठे गुपित तिच्या हाती ठेविले, कारण एवढी यंत्रे बनविण्याइतके कारखाने ब्रिटनजवळ नव्हते. ह्या देवघेवीतून मॅसॅच्युसेट्स येथे मोठी प्रयोगशाळा निघाली व दोन्ही राष्ट्रांस लाभ झाला. ध्यानात घ्यावयाचे ते असे की, एकापाशी शोध होता व दुसऱ्यापाशी कारखाने. रिकाम्या हातांनी कोणीच आला नव्हता. १७८० च्या चार सत्तांस हे साधले नाही.

आपल्या राष्ट्राकडे पाहता आशा व चिंता दोन्ही वाटतात. १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स तोफांचा करार झाला, तेव्हा तोफेचे आराखडेही आपणांस मिळावयाचे होते. त्या व्यवहाराभोवती वादळ उठले आणि पुढे कित्येक वर्षे त्या आराखड्यांवरून आपल्याकडे तोफ झाली नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर ह्याच परदेशी तोफांनी मोलाचे काम केले. अखेर जबलपूरच्या कारखान्यात त्याच पायावर सुधारलेली धनुष ही तोफ तयार झाली व एप्रिल २०१९ मध्ये तिची पहिली खेप सैन्याच्या हाती पडली. करारापासून तेहतीस वर्षे! उलट १९९८ मध्ये रशियाशी भागी करून हाती घेतलेल्या ब्राह्मोस क्षेपणास्त्राची पहिली चाचणी तीन वर्षांत, जून २००१ मध्ये, झाली. ब्रह्मपुत्रा व मॉस्क्वा ह्या दोन नद्यांची नावे जोडून त्याचे नामकरण झाले आहे. हीच खरी भागी : दोघांनी मिळून शिजवावे व दोघांनी मिळून जेवावे. आपले तेजस विमान आपल्या अभियंत्यांनी घडविले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु त्याचे इंजिन अजून अमेरिकेहून येते, आणि ते येण्यास विलंब झाला की विमाने कारखान्यात खोळंबून राहतात. डी बॉयनच्या करारातील ती अट अशा वेळी आम्हांस हटकून आठवते.

हे काम सरकारचे, आपण काय करणार, असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी येथील कारखाने महाराष्ट्राच्याच भूमीवर आहेत. ओझरला विमाने झाली, माझगावच्या गोदीत युद्धनौका बांधल्या जातात. तेथे ओतकामास, यंत्रकामास, धातुशास्त्रास व गणितास माणसे लागतात. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत अजून मुलाने कचेरीत बसावे व हात काळे करू नयेत, अशी समजूत आहे. पाटीलबाबांच्या आग्र्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या ओताऱ्याचे हात काळेच होते. पण त्या हातांतून निघालेल्या तोफांनी पाटण व मेडता जिंकिले. आमची अशी नम्र सूचना आहे की, संस्थेच्या शिष्यवृत्तीपैकी निदान काही भाग तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी, व त्यांत मुलींसाठीही, स्वतंत्र राखून ठेवावा. आणि शास्त्रविषयांची मराठी पुस्तके आपल्या वाचनालयात आवर्जून घ्यावी.

आणखी एक गोष्ट सांगून हे चरित्र पुरे करितो. शिंदे-होळकरांचे वैर हे दोन शत्रूंचे वैर नव्हते. ते दोन भावांचे होते, आणि म्हणूनच ते इतके महाग पडले. आपल्या संस्थेतही गटतट आहेत, एका तालुक्याचा दुसऱ्यावर रुसवा आहे. समाज लहान असो की राष्ट्र मोठे असो, लाखेरी जिंकणारा आसईस हरतो. पखालजीस भाऊ मानणाऱ्या त्या लंगड्या सेनानीचे स्मरण करून आपण परस्परांस भाऊ मानू या, व आपल्या मुलांच्या हाती विद्या देऊ या. ईश्वर आम्हां सर्वांस ती सद्बुद्धी देवो.